अबोल्याची बोट

बेटाच्या धक्क्यावर भाड्याच्या बोटी तेवीस होत्या आणि त्यातल्या बावीस बोटींवर दिवसभर आरडाओरडा चालायचा. दोर सोड, इकडे ओढ, अरे तिकडे नाही, डोळे फुटले का तुझे, असा सगळा कारभार. तेविसावी बोट मात्र गप्प सुटायची आणि गप्प परत लागायची. तिच्यावर दोनच माणसं कामाला होती. दोघे सख्खे भाऊ, आणि दोघांनी अकरा वर्षांत एकमेकांशी चकार शब्द काढलेला नव्हता.

धक्क्यावर त्यांना नावाने कोणी ओळखत नसे. थोरला आणि धाकटा, एवढ्यावर काम भागायचं. थोरला एकसष्ट वर्षांचा, आडव्या हाडाचा, सुकाणूवर बसणारा. धाकटा नऊ वर्षांनी लहान, सडपातळ, पाण्यात उतरला की वर यायचं विसरेल असा. नांगर, दोर, शिडी, पोहायला उतरलेल्या पाहुण्यांवर नजर ठेवणं ही सगळी अंगमेहनत त्याची.

भांडण झालं ते बोटीवरून. बाप वारला आणि बोटीचे कागद एकट्या थोरल्याच्या नावावर झाले. धाकट्याने सरळ विचारलं, "माझं नाव का नाही?" थोरला म्हणाला, "बोट एक, मालक एक." शब्दाला शब्द वाढत गेला आणि धाकट्याने भर धक्क्यावर, बावीस बोटींच्या देखत तोंड सोडलं. "पोर ना बाळ, मग कुणासाठी छातीशी धरून बसलायस बोट?"

थोरल्याची बायको तेव्हा जेवणाचा डबा घेऊन पाच पावलांवर उभी होती. ती डबा खाली ठेवून घरी गेली. थोरल्याने भावाकडे बघितलं आणि म्हणाला, "आजपासून तू मला मेलास."

माणसं रागाच्या भरात काय वाटेल ते बोलतात आणि आठवड्याभरात विसरतात. हे दोघे विसरणाऱ्यातले नव्हते. थोरला म्हणे, तोंड त्याने उघडलं, मिटवायचं त्याने. धाकटा म्हणे, मेलेला माणूस कसा बोलेल? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघेही वेळेवर धक्क्यावर हजर, कारण अर्ध्या दिवसाची बोट आधीच ठरलेली होती.

पहिल्या दिवसापासून ठोके सुरू झाले. बोट लाकडी, त्यामुळे पुढे ठोकलेलं मागे पायाच्या तळव्याला कळायचं, इंजिन चालू असलं तरी. धाकटा पुढच्या फळीवर बोटांच्या सांध्यांनी ठोकायचा, थोरला मागून छताच्या लोखंडी नळीवर पाना वाजवायचा. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे नांगर वर आला, निघ. तीन म्हणजे पुढे खडक आहे, सावकाश. चार म्हणजे पाहुण्याला उलटी होतेय, बादली आण. एवढ्या चार ठोक्यांवर दोघांनी अकरा वर्षं संसार केला म्हणायला हरकत नाही. 'माझं चुकलं' याचा ठोका मात्र दोघांपैकी एकानेही बसवला नाही.

घरं एकमेकांना चिकटून होती, मधे एक भिंत. जे बोटीवर ठोक्यांत मावत नसे ते बायकांच्या तोंडून भिंतीपलीकडे जायचं. डिझेल संपत आलंय. परवा दोन फेऱ्या आहेत. छताचं कापड फाटलंय, शिवायला हवं. जावा-जावांमध्ये मात्र कधी वाकडं आलं नाही. उलट ज्या बाईला ते वाक्य लागलं होतं तीच सगळ्यांत आधी ते विसरली, किंवा विसरल्यासारखं तिने केलं. नवऱ्याला म्हणायची, "मला बोलला तो, मी सोडून दिलं. तुम्ही का धरून बसलाय?" थोरला कूस बदलायचा.

गेल्या वर्षी ती गेली. तिच्या शेवटच्या तीन आठवड्यांत उशाशी जाऊ, धाकट्याची बायको, बसली होती. उचलणं, धुणं, पुसणं सगळं तिने केलं. धाकटा दारापर्यंत आला, उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला, वहिनीशी दोन शब्द बोलला आणि भावाकडे न बघता परत गेला. थोरल्यालाही तेव्हा 'आत ये' म्हणवलं नाही. बायको मरायला टेकली होती आणि हा गृहस्थ दारात कोण आधी बोलतो ते बघत बसला होता. अशा माणसाला काय म्हणावं?

बायको गेल्यावर घरात बोलायला उरली भिंत. सकाळी चहा करताना दोन कप उतरवायचा आणि एक परत ठेवायचा. भावजय दुपारी डबा आणून ओट्यावर ठेवायची, "मोठे भाऊजी, गरम आहे तोवर खा," म्हणायची आणि निघून जायची. दिवसभरात त्याच्याशी कोणी आपणहून बोललेलं एवढंच एक वाक्य. महिने गेले तसं थोरल्याला कळून चुकलं की हा अबोला आपल्याला झेपत नाही. आधी झेपत होता, कारण तो वाटून घेणारं कोणीतरी घरात होतं.

मग महिन्याभरापूर्वी तो बंदराच्या कचेरीत गेला. बोट धाकट्याच्या नावावर करून देण्याचा अर्ज मागितला, खिडकीपलीकडच्या कारकुनाकडून दोनदा समजून घेतला, आपल्या सहीच्या जागी सही केली आणि शिक्का मारून घेतला. अर्जावर खाली दुसऱ्या सहीची जागा होती, ती धाकट्याची. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याने बोटीवर, आपल्या बैठकीखालच्या कप्प्यात ठेवला. आता उरलं होतं फक्त बोलणं.

बोलणं त्याने एका वाक्यात बसवलं. "उद्यापासून सुकाणू तू धर." चार दिवस दाढी करताना तो ते वाक्य आरशात म्हणून बघत होता. एकदा हुकूम सोडल्यासारखं वाटलं. एकदा भीक मागितल्यासारखं. गळ्यात इतकी वर्षं न वापरलेला तो सूर सापडता सापडेना. चौथ्या दिवशी, हनुवटीला साबण लागलेला असताना, ते बरोबर निघालं, लहानपणी पतंगाची फिरकी भावाच्या हातात देताना निघायचं तसं. थोरल्याने तिथल्या तिथे ठरवलं की आजच. साडेआठ ते साडेबारा अर्ध्या दिवसाची खाजगी फेरी आहे, एकच जोडपं आहे. पाहुणे उतरले की बोट धुताना, कोणी नसताना बोलायचं.

जोडप्याला हॉटेलच्या काउंटरवर बोटींची यादी दाखवली गेली तेव्हा काउंटरवालीने नेहमीची गंमत सांगितली. ती सगळ्यांनाच सांगायची. तेविसावी बोट घ्या, दोन भाऊ आहेत, अकरा वर्षं बोलत नाहीत, ठोक्यांवर बोट चालवतात, बघण्यासारखं आहे. लोकांना प्रवाळ दाखवा, कासव दाखवा, त्यांना आणखी काहीतरी हवंच असतं. त्या वर्षी हॉटेलात तेविसाव्या बोटीला सगळ्यांत जास्त मागणी होती. भावांना वाटायचं बोट स्वच्छ असते म्हणून.

पाहुणा चाळिशीचा, हसतमुख, हातात सतत फोन. पाहुणी त्याच्याहून थोडी लहान, मोठी टोपी, ओठांवर ऊन लागू नये म्हणून पांढरं मलम. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून सुट्टीवर आलेली. बोटीत पाय ठेवल्या ठेवल्या पाहुणा बायकोच्या कानात काहीतरी बोलला आणि ती खुदकन हसली.

"मी धाकट्यावर लावते," ती म्हणाली. "त्याचा चेहरा मऊ आहे. आधी तोच बोलेल."

"मी म्हाताऱ्यावर," पाहुणा म्हणाला. "पण बोलला तर फोनमध्ये पकडला पाहिजे. नुसतं ऐकलं म्हणून चालणार नाही."

"हरेल त्याने आठवडाभर सकाळचा चहा आणून द्यायचा."

"चालेल."

इंजिन अजून सुरू व्हायचं होतं. थोरल्याने शब्द न् शब्द ऐकला. पुढे दोर सोडत असलेल्या धाकट्यानेही ऐकला असणार, कारण त्याचा हात क्षणभर थांबला. थोरल्याच्या मानेपर्यंत रक्त चढलं. त्याने किल्ली फिरवली आणि मनाशी म्हणाला, साडेबारापर्यंत तर आता मुळीच नाही. माझं तोंड यांच्या फोनमध्ये उघडणार नाही. कधी बोलायचं ते मी ठरवीन.

सकाळ छान होती. वारा जेमतेम, पाणी काचेसारखं. किनाऱ्याची माडांची रांग मागे पडली आणि धाकट्याने तीन ठोके दिले. थोरल्याने वेग कमी केला, खडक उजवीकडून सोडला. पाहुणा टाळ्या वाजवायचा तेवढा राहिला होता. तो येऊन थोरल्याच्या बैठकीशेजारी बसला.

"काका, हे जबरदस्त आहे," तो म्हणाला. "तीन म्हणजे काय?"

थोरल्याने सुकाणू जरा डावीकडे वळवलं.

"नाही, खरंच विचारतोय. मी स्वतः इंजिनियर आहे. एवढ्या आवाजात तुम्हाला कळतं कसं?"

आता म्हाताऱ्याचं काय झालं ते सांगायला लाज वाटते, पण सांगायला हवं. तो फुलला. वर्षभरात त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. हा माणूस आपली टर उडवायला आलाय हे अर्ध्या तासापूर्वी कानांनी ऐकलेलं असूनही तो फुलला. त्याने पाहुण्याला चपला काढायला सांगितल्या, तळवे फळीवर टेकवायला सांगितले. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ, सगळं नीट समजावलं. बादलीच्या ठोक्याला पाहुणा मनापासून हसला, आणि थोरलाही हसला.

"आणि दुसऱ्याच कुणी ठोकलं तर?" पाहुण्याने विचारलं.

"मला कळेल," थोरला म्हणाला. "त्याचा हात मला माहीत आहे. त्याचा दुसरा ठोका जरा उशिरा पडतो. लहानपणापासून. दार वाजवायचा तेव्हाही असाच वाजवायचा. एक, मग विचार केल्यासारखा थांबणार, मग दुसरा."

"वा," पाहुणा म्हणाला आणि उठून पुढे गेला.

भावाबद्दल इतकी वाक्यं थोरला अकरा वर्षांत परक्याजवळ बोलला नव्हता. त्याला हलकं वाटलं. बैठकीखालच्या कप्प्यावर त्याने नकळत हात ठेवला.

प्रवाळाशी नांगर टाकला तेव्हा साडेनऊ झाले होते. जोडपं चष्मे आणि नळ्या लावून पाण्यात उतरलं, धाकटा त्यांच्याबरोबर. थोरला बोटीवर एकटा. त्याने तोंडातल्या तोंडात वाक्य म्हणून बघितलं. उद्यापासून सुकाणू तू धर. सूर अजून जागेवर होता. पाण्यात धाकट्याचं डोकं वर आलं, त्याने पाहुणीला बोटाने खाली काहीतरी दाखवलं, पुन्हा बुडी मारली. दोघे इथेच पोहायला शिकले होते. थोरला आधी शिकला आणि धाकट्याला त्याने पोटाखाली हात धरून शिकवलं. तेव्हा तो त्याला छोट्या म्हणायचा.

मग पाहुण्याला पुढची जागा बघायची घाई झाली. साडेबाराला परत जायचंय, इथे किती वेळ काढायचा? तो शिडीवरून वर आला, अंग पुसलं, फोन घेतला. पाहुणी अजून पाण्यात होती. धाकटा नांगर सोडवायला पुढून बुडी मारून खाली गेला. नांगर प्रवाळात रुतला की ओढायचा नाही, खाली जाऊन हाताने सोडवायचा, ही बापाची शिस्त. सोडवायचा, बाजूच्या वाळूत ठेवायचा, पुढून बोटीवर चढायचं, दोर ओढून नांगर वर घ्यायचा आणि मग दोन ठोके. ओला दोर फळ्यांवर पडताना थपथप आवाज व्हायचा आणि त्याच्यामागून ठोके यायचे. थोरला पुढे कधी बघत नसे. मधे छत, छताला पडदे. आणि बघितलं तर भाऊ दिसणार, म्हणून बैठकच त्याने अशी बसवली होती की पुढचं टोक दिसू नये आणि मागची शिडी पाठीशी यावी.

धाकटा नांगर सोडवून वर आला तेव्हा पाहुणी मागच्या शिडीवर चढत होती. चढता चढता तिच्या हातातला चष्मा निसटला. पाण्यात डोकं दिसलं म्हणून तिने त्याला हाताने खुणावलं, बोटीखाली बोट दाखवलं. चष्मा बुडाला नव्हता, त्याचा रबरी पट्टा सुकाणूच्या पात्याला अडकून लोंबत होता. धाकटा पुढे चढण्याऐवजी मागे आला. निघायचं म्हणून इंजिन चालू केलेलं होतं, पण गिअरमध्ये नव्हतं. दोन ठोके आपणच देणार, आपण दिल्याशिवाय बोट हलणार नाही, हे त्याला आपल्या श्वासाइतकं माहीत होतं. अकरा वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती. तो बिनधास्त बोटीखालच्या पंख्याच्या बाजूला गेला आणि हात लांब केला.

पाहुणा पुढे एकटा होता. त्याच्या डोक्यात भारी कल्पना आली होती. आपण दोन ठोके द्यायचे. म्हातारा बोट काढणार, नांगर अजून खालीच, बोटीला हिसका बसणार, आणि मग दोघे एकमेकांवर ओरडल्याशिवाय राहणारच नाहीत. बायकोने मागे काय खुणावलं ते छत आणि पडद्यांमुळे त्याला दिसलं नव्हतं. धाकटा बुडी मारून गेलाय, कुठेतरी येईलच वर, एवढाच त्याचा हिशेब. त्याने एका हाताने फोन उंच धरला आणि दुसऱ्या हाताची मूठ फळीवर मारली. दोनदा.

ठोके थोरल्याच्या तळव्यांना कळले. आणि ते चुकीचे आहेत हेही कळलं.

दोर फळ्यांवर पडल्याचा आवाज आला नव्हता. ठोके जड होते, सांध्यांचे नव्हते. दुसरा पहिल्याला चिकटून आला होता. थोरल्याचा हात गिअरच्या दांडीवर गेला आणि थांबला. फार वेळ नाही, एखादा श्वास घेऊन सोडण्याइतका. "वर आलास का रे?" एवढं एक विचारायचं होतं. दुसऱ्या कोणत्याही बोटीवर ते विचारलं गेलं असतं, वर शिवी हासडून विचारलं गेलं असतं. पडद्याच्या फटीतून त्याला पाहुण्याचा हात दिसला, फोन धरलेला, रोखलेला. त्याला समजलं की हा फोन आपल्या तोंडासाठी उघडा आहे. त्याच्या मनात आलं, नाही. याच्यासमोर नाही. साडेबाराला.

आणि त्याने दांडी पुढे ढकलली.

बोटीला बसला तो हिसका नांगराचा नव्हता. मागून, खालून, लाकडातून काहीतरी पायाशी आलं, आणि पाहुणी किंचाळली. थोरल्याने दांडी मागे ओढली, इंजिन बंद केलं, वळला. पाणी लाल होत होतं आणि लाल पाण्यात भावाचं तोंड होतं, डोळे उघडे, आश्चर्याने बघणारे.

"छोट्या," थोरला ओरडला. "छोट्या, छोट्या, हात दे, छोट्या."

मागून पाहुण्याचा आवाज आला. तो मुद्दाम बोलला नसावा. सकाळपासून तो त्याच एका गोष्टीची वाट बघत होता, म्हणून तोंडून गेलं असेल. "बोलला," तो म्हणाला.

फोन चालू होता. त्या फोनमध्ये आजही असेल ते, कुणी पुसलं नसेल तर. अकरा वर्षांनंतरचा पहिला शब्द.

परतीचा पाऊण तास थोरल्याने बोट कशी हाकली ते त्याला आठवत नाही. नांगराचा दोर त्याने सुरीने कापला, नांगर आजही तिथेच वाळूत आहे. धाकट्याच्या दंडाला टॉवेल आवळून पाहुणी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि रडत होती. पाहुणा उलट्या करत होता. त्याला बादली द्यायला कोणी नव्हतं. थोरला सुकाणूवरून मागे वळून वळून बोलत होता, जे सुचेल ते. डोळे मिटू नकोस. आलं, आलंच बघ. तो माड दिसतोय का? बापाने तुला तिथून ढकललं होतं, आठवतंय का? धाकटा त्याच्याकडे बघत होता. त्याने ओठ हलवले नाहीत.

धाकट्याचा उजवा हात मनगटाच्या थोडा वर कापावा लागला.

बंदराच्या कचेरीतून चौकशीला माणूस आला. पाहुणा म्हणाला, आम्ही पाहुणे माणसं, आम्हाला बोटीतलं काय कळतं. पाहुणीने खाली बघितलं. थोरल्याला विचारलं, दोन ठोके कोणी दिले? थोरला म्हणाला, "मला वाटलं, आले." त्याने पाहुण्याकडे बोट दाखवलं नाही. दाखवलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की तुम्हाला भावाचा हात ओळखू येतो ना? तो प्रश्न कोणी विचारू नये म्हणून त्याने पाहुण्याला वाचवलं. जोडपं तिसऱ्या दिवशी गेलं. जाताना त्यांनी काउंटरवर तक्रार लिहिली की अर्ध्या दिवसाची फेरी अकराच्या आतच आटोपली आणि बोटीवर सुरक्षिततेची काहीही सोय नव्हती. दोन्ही मुद्दे खरे होते.

नवव्या दिवशी थोरला इस्पितळात गेला. त्याआधी रोज जात होता, पण व्हरांड्यात बसून परत यायचा. त्या दिवशी त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि प्लास्टिकची पिशवी काखेत धरली. खोलीत सहा खाटा होत्या, धाकट्याची खिडकीजवळची. भावजय स्टुलावर बसून थर्मासमधून चहा ओतत होती. तिने त्याला बघितलं आणि उठून बाहेर गेली. जाताना पहिल्यांदाच "मोठे भाऊजी" म्हणाली नाही. गरम आहे, खा, असंही काही म्हणाली नाही.

थोरला स्टुलावर टेकला. धाकटा उशीला टेकून बसला होता. उजवा हात पांढऱ्या पट्ट्यांत, आखूड, पोटावर ठेवलेला. डावा खाटेच्या लोखंडी कठड्यावर.

"मी बोलणारच होतो," थोरला म्हणाला. "त्याच दिवशी. साडेबाराला. तुझ्या वहिनीची शपथ."

धाकटा बघत होता.

"दुसऱ्याचा ठोका होता. मला कळलं होतं." हे सांगायचं त्याने ठरवलं नव्हतं, ते आपलं आपण बाहेर पडलं. "मला कळलं होतं, छोट्या. विचारायला हवं होतं. तो फोन घेऊन उभा होता म्हणून मी विचारलं नाही."

बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने खोकणं थांबवलं. धाकट्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्याला हे माहीत होतं की काय कोण जाणे. पाण्याखालूनही त्याला ते ठोके ऐकू आले असतील, आणि भावाला फरक कळेल याची त्याला खात्री असेल. शेवटी ओळखणारा तोच एकटा होता.

थोरल्याने पिशवीतून कागद काढला, घडी उलगडली, पांघरुणावर ठेवला. शिक्का वर आला, त्याची सही आली, आणि खाली ती रिकामी जागा आली. आता मागे फिरणं नव्हतं. वाक्य त्याला पाठ होतं, सूरही सापडलेला होता, आणि दुसरं काहीच त्याच्याजवळ नव्हतं. म्हणून तो बोलला, हनुवटीला साबण लागलेला असताना निघालं होतं अगदी तसंच, मायेने.

"उद्यापासून सुकाणू तू धर."

बोलून झाल्यावर त्याला ऐकू आलं आपण काय बोललो ते.

धाकट्याने कागदाकडे बघितलं. सहीच्या जागेकडे. मग पोटावरच्या पट्ट्यांकडे. थोरला वाट बघत होता, शिवी देईल, थुंकेल, रडेल, काहीही चालेल, आवाज काढ म्हणजे झालं. त्याने मान पुढे केली. "बोल रे," तो म्हणाला. "एकदा बोल. काहीही बोल."

धाकट्याने डावा हात उचलला, बोटं मुडपली आणि खाटेच्या लोखंडी कठड्यावर सांध्यांनी ठोका दिला. एक. जरा थांबला. मग दुसरा.

या वेळी थोरल्याला हात ओळखायला काही अडचण आली नाही. त्याने कागदाची घडी केली, पिशवीत ठेवली, आणि तो निघाला.